जागा कोणी मिळवली, जाणार कोण?

मुंबईत वाकोल्याच्या पुलावरून पश्चिम द्रुतगती महामार्गाने उत्तरेला निघालं, की अंधेरीनंतर जोगेश्वरी लागते आणि पुढे कांदिवली. नरसिंग यादव हा मल्ल याच पट्ट्यात घडला. घर जोगेश्वरीत, वडिलांचा दुधाचा धंदा आणि सराव कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात. २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याने महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. सप्टेंबर २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत त्याने ७४ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवलं आणि त्या पदकाबरोबर रिओ ऑलिंपिकमधली एक जागा भारताच्या पदरात पडली.

अशी जागा खेळाडूच्या नावावर लागत नाही, देशाच्या खात्यात जमा होते. तिला आपले क्रीडा पत्रकार ‘कोटा’ म्हणतात. घाम मल्लाचा, पण त्या जागेवर कोणाला पाठवायचं ते देशाच्या संघटनेने ठरवायचं. सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

समोर होता सुशील कुमार. २००८ मध्ये बीजिंगला कांस्य, २०१२ मध्ये लंडनला रौप्य. ऑलिंपिकची दोन वैयक्तिक पदकं गळ्यात असलेला मल्ल. ती पदकं ६६ किलोंतली. पुढे वजनगटांची फेररचना झाली, तो गट ऑलिंपिकमधून गेला आणि सुशीलला ७४ किलोंत यावं लागलं. २०१५ मध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे तो जागतिक स्पर्धेच्या निवड चाचणीला उतरलाच नाही. बरा झाल्यावर त्याने मागणी केली, आमच्या दोघांची एक कुस्ती लावा, जिंकेल तो रिओला जाईल. कुस्ती महासंघाने नकार दिला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने सुशीलची याचिका फेटाळली.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. नरसिंग उत्तेजक चाचणीत सापडला, देशातल्या समितीने त्याला निर्दोष ठरवलं, पण क्रीडा लवादाने १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. रिओच्या मॅटवर ७४ किलोंत भारताचा कोणीच उतरला नाही. मात्र या लेखाला हवा असलेला प्रश्न जूनमधलाच आहे. उत्तेजकांचा विषय निघण्यापूर्वी, दोन भल्या मल्लांपैकी कोणाला पाठवणं न्याय्य होतं?

मिळवलेला हक्क आणि आजची ताकद

दोघांच्या दाव्यांत एक फरक होता. नरसिंग म्हणत होता, ‘जागा मी मिळवली.’ सुशील म्हणत होता, ‘आज मी सरस आहे, तपासून पाहा.’ पहिला दावा झालेल्या कामगिरीवर उभा आहे, दुसरा येणाऱ्या कामगिरीच्या अंदाजावर. दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि जागा एकच असते.

‘एक कुस्ती लावा’ ही मागणी ऐकायला अगदी सरळ वाटते. पण एका कुस्तीतून किती कळतं? धरून चाला, की दोन मल्लांपैकी एक खरोखरच सरस आहे आणि शंभर कुस्त्यांत तो साठ जिंकेल. अशा दोघांची एकच कुस्ती लावली, तर शंभरापैकी चाळीस वेळा कमअस्सल मल्ल जाईल. तीन कुस्त्या लावून दोन जिंकणाऱ्याला पाठवलं, तरी पस्तीस वेळा चूक होईल. पाच लावल्या तरी सुमारे बत्तीस वेळा. जितके खेळाडू तोडीस तोड, तितका एका चाचणीचा निकाल नाणेफेकीकडे झुकतो. आणि वाद नेमका तोडीस तोड खेळाडूंमध्येच होतो. उन्नीस-बीसचा फरक नसेल तिथे कोर्टात कोण जातं?

दुसऱ्या बाजूला काळ आहे. लास वेगास ते रिओ अकरा महिने. अकरा महिन्यांत गुडघा जातो, वजन वाढतं, एखादा तरुण मल्ल अचानक वर येतो. मिळवलेला हक्क जितका जुना, तितकी त्याची साक्ष पातळ. म्हणजे एका बाजूला पक्का पण शिळा पुरावा आणि दुसऱ्या बाजूला ताजा पण कच्चा. निवडीच्या सगळ्या पद्धती या दोघांमध्ये कुठेतरी तडजोड करतात.

एकच वर्ष, दोन खेळ, दोन उत्तरं

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपूर्वी भारतातल्या दोन संघटनांनी या कोड्याची दोन उलटी उत्तरं दिली. कुस्ती महासंघाने अखेर ठरवलं, की ज्याने कोटा मिळवला तोच जाईल, नव्या चाचण्या नाहीत. नेमबाजी महासंघाने ठरवलं, की कोटा कोणीही आणो, चाचण्या होतील आणि त्यांतले अव्वल दोघे जातील. महाराष्ट्राला या दुसऱ्या उत्तराची झळही बसली आणि लाभही झाला.

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अंतिम लढतीत त्याने इटलीच्या दानिलो सोलाझ्झोला १७-१३ असं हरवलं. या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवणारा अभिनव बिंद्रानंतरचा तो दुसरा भारतीय. पॅरिसची जागा त्याने तिथेच मिळवली होती.

या खेळात फरक किती बारीक असतो ते पाहण्यासारखं आहे. नेमबाज दहा मीटरवर उभा असतो आणि लक्ष्याच्या मध्यावरचा ‘दहा’चा ठिपका असतो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. गुणही दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. साठ गोळ्यांचे कमाल गुण ६५४. पहिल्या आणि दहाव्या नेमबाजात कित्येकदा दोन-तीन गुणांचंच अंतर पडतं. एक श्वास चुकीच्या वेळी सुटला, तर साठ गोळ्यांची मेहनत पाण्यात.

म्हणून महासंघाने एका चाचणीवर भिस्त ठेवली नाही. एप्रिल आणि मे २०२४ मध्ये चार चाचण्या झाल्या, दोन दिल्लीत, दोन भोपाळमध्ये, आणि प्रत्येकाचे उत्तम तीन गुण धरून सरासरी काढली. संख्याशास्त्र या पद्धतीच्या बाजूने आहे, कारण चार मोजमापांची सरासरी घेतली तर योगायोगाचा वाटा एका मोजमापाच्या निम्म्यावर येतो. या गाळणीतून संदीप सिंग आणि अर्जुन बबुता पुढे गेले. जगज्जेता रुद्रांक्ष घरी राहिला. पॅरिसमध्ये बबुता अंतिम फेरीत चौथा आला, पदक थोडक्यात हुकलं.

आता दुसरी बाजू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे स्वप्नील कुसाळेचं गाव. तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्यानेही कैरोतच ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात चौथा येऊन भारताला जागा मिळवून दिली. या प्रकारात गुडघे टेकून, पालथं पडून आणि उभं राहून गोळ्या झाडायच्या असतात. याच प्रकारात अखिल शेरॉनने २०२३ च्या बाकूच्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणि कोटा मिळवला होता. एका देशाचे दोघेच उतरू शकतात. त्याच चार चाचण्या झाल्या, ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर आणि स्वप्नील निवडले गेले, शेरॉन मागे राहिला. १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नीलने ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकलं आणि कोल्हापुरात गुलाल उधळला गेला.

रुद्रांक्षसाठी हळहळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना शेरॉनचं नाव आठवतं? नियम एकच होता. ठाण्यात तो अन्यायासारखा दिसला, कोल्हापुरात न्यायासारखा. निवडीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा आधी माणूस निवडतो आणि मग त्याला सोयीचा नियम शोधतो. न्यायाचा कस लागतो तो नेमका उलटा: नाव झाकून नियम वाचला तर तो पटतो का?

कुस्तीच्या उत्तरालाही किंमत मोजावी लागली. ५३ किलोंचा कोटा अंतिम पंघालने मिळवलेला असल्यामुळे विनेश फोगाटने ५० किलोंत उतरून जागा मिळवली. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या सकाळी तिचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. कोटा मिळवणाऱ्याला अभय देणारा नियम कोणाला तरी दुसऱ्या दाराकडे ढकलतोच.

न हरलेला तिसरा

मिळवलेला हक्क आणि आजची ताकद यांची भेसळ करून पाहिली तर? हा प्रयोग नव्वद वर्षांपूर्वी एका वेगळ्याच खेळाने केला. मोटरसायकलींचा हा खेळ म्हणजे स्पीडवे. भारतात तो फारसा रुजला नाही. पोलंड, स्वीडन, डेन्मार्क, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात मात्र त्याचं वेड आहे. लंबवर्तुळाकार मातीची धावपट्टी, चार स्वार, चार फेऱ्या, एका मिनिटाच्या आसपास खेळ खल्लास. ५०० सीसीच्या या गाड्या मिथेनॉलवर चालतात आणि त्यांना ब्रेक नसतात. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत, डावा पाय जमिनीवर टेकवत स्वार गाडी वळवतात. सुरुवातीच्या फिती वर उडाल्या, की पहिल्या वळणावर जो आधी पोचला त्याचं पारडं जड.

जागतिक अजिंक्यपदाची पहिली अंतिम स्पर्धा १९३६ मध्ये लंडनच्या वेंबली स्टेडियमवर झाली. स्वार सोळा आणि शर्यती वीस. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. या वीस शर्यतींची मांडणी गणिती दृष्टीने देखणी आहे. प्रत्येक स्वार पाच शर्यती धावतो, प्रत्येक शर्यतीत त्याला तीन नवे प्रतिस्पर्धी मिळतात. पाच त्रिक पंधरा, म्हणजे उरलेल्या प्रत्येकाशी त्याची बरोबर एकदा गाठ पडते. ना कोणाला सोपा गट, ना कोणाला अवघड. एकच खोट राहते. सुरुवातीच्या जागा चार आणि शर्यती पाच, तेव्हा प्रत्येकाला कुठली तरी एक जागा दोनदा मिळते, आणि चारही जागांची माती सारखी पकड देत नाही.

पण त्या वर्षी आयोजकांनी आधीच्या पात्रता फेऱ्यांतल्या कामगिरीचे अधिक गुण प्रत्येकाच्या खात्यात टाकून ठेवले होते. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने त्या रात्री पाचही शर्यती जिंकल्या, पंधरापैकी पंधरा गुण मिळवले. त्याचे आधीचे गुण होते दहा, एकूण पंचवीस. लायोनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन यांनी त्या रात्री अनुक्रमे चौदा आणि तेरा मिळवले होते, पण आधीचे गुण धरून दोघेही सव्वीसवर पोचले. त्या दोघांत निर्णायक शर्यत झाली, व्हॅन प्राग जगज्जेता झाला. ज्याला त्या रात्री कोणीही हरवलं नाही, तो तिसरा.

हा अन्याय होता का? नियम सगळ्यांना आधी माहीत होता, त्यामुळे फसवणूक झाली असं म्हणता येत नाही. तरीही निकाल खटकतो. नियम आधी जाहीर करणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या पुराव्याला किती वजन द्यायचं याचं तारतम्यही लागतं. विल्किन्सनने १९३८ मध्ये अजिंक्यपद मिळवलं आणि युद्धानंतर ही अधिक गुणांची पद्धत मागे पडली.

खाडीच्या अलीकडचे, पलीकडचे

अंतिम फेरीत सगळ्यांना समान वागवलं, तरी तिथवरचा रस्ता सगळ्यांना समान असतो का? वाकोल्यातला एखादा कबड्डीपटू राज्य अजिंक्यपदाची स्वप्नं पाहतो तेव्हा त्याला मुंबई उपनगर जिल्ह्याच्या संघात शिरावं लागतं. माहीमची खाडी ओलांडली की मुंबई शहर, तो संघ वेगळा. उपनगरात कबड्डीचे संघ गल्लोगल्ली, स्पर्धा तुंबळ. इथे संघाबाहेर राहिलेला चढाईपटू एखाद्या दुबळ्या जिल्ह्यात कर्णधार झाला असता. पण फक्त बलवान जिल्ह्यांनाच जागा दिल्या, तर उरलेल्या महाराष्ट्रात कबड्डी वाढणार कशी?

स्पीडवेने ही ओढाताण अनेक दशकं सोसली. देशांचे विभाग पाडले होते, ब्रिटन आणि राष्ट्रकुल एकीकडे, युरोप खंड दुसरीकडे, उत्तरेकडचे देश आणखी वेगळे, आणि प्रत्येक विभागाचे ठराविक स्वार अंतिम सोळांत जायचे. एखाद्या तगड्या विभागात जागा थोडक्यात हुकलेला नामवंत स्वार वर्षभर बाहेर बसायचा. शिवाय अंतिम स्पर्धा एकाच रात्रीची. इंजिन बंद पडलं, की वर्ष गेलं. १९७३ मध्ये पोलंडच्या होझूफमध्ये येर्झी श्चाकिएल या घरच्या स्वाराने निर्णायक शर्यतीत न्यूझीलंडच्या इव्हान मॉगरवर मात केली. मॉगर त्या शर्यतीत पडला. मॉगरच्या नावावर एकूण सहा अजिंक्यपदं लागली, श्चाकिएलच्या नावावर तेवढं एकच राहिलं. त्या रात्री पोलंडला जो आनंद झाला तो खराच होता. पण जगातला सर्वांत सरस स्वार कोण, हे त्या रात्रीने सांगितलं का?

१९९५ पासून स्पीडवेने एका रात्रीऐवजी वर्षभराची मालिका सुरू केली. बरीच वर्षं कायमच्या पंधरा स्वारांची वाटणी अशी होती: गेल्या वर्षीचे पहिले आठ, पात्रता स्पर्धेतून आलेले तीन आणि आयोजकांनी आपल्या मर्जीने निवडलेले चार. पुरावा भरपूर, योगायोग कमी. पण आठ जागा आधीच भरलेल्या, चार मर्जीच्या. जगभरातल्या उरलेल्या स्वारांनी झगडायचं ते तीन जागांसाठी.

निवडणाऱ्याची नजर

मर्जी म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो. तरी सरसकट नाक मुरडण्याआधी टाय वॉफिंडेनचं उदाहरण पाहावं. २०१३ च्या मालिकेत हा ब्रिटिश तरुण मर्जीच्या जागेवर आला आणि जगज्जेता होऊनच थांबला. निवडणाऱ्यांना त्याच्यात जे दिसलं ते आकड्यांत अजून उतरलं नव्हतं.

त्याच नजरेला मुंबईत पद्माकर शिवलकर कसोटीसाठी कधी दिसले नाहीत. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मला आणि एकही कसोटी न खेळता निवृत्त झाला. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, पण त्यांना डावलणारा नियम कोणता, हे कोणी दाखवू शकलं नाही, कारण नियम नव्हताच. नजर होती. नजरेविरुद्ध दाद कुठे मागायची?

दाद मागणारा एक मल्ल महाराष्ट्राला लाभला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला एक गुण कमी देऊन डावललं, अशी त्यांची तक्रार होती. ते थेट पतियाळाच्या महाराजांकडे गेले; महाराज तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी निरंजन दासला अस्मान दाखवलं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. २३ जुलै १९५२ रोजी त्यांनी जिंकलेलं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्याची वाट देशाला १९९६ पर्यंत पाहावी लागली.

फेरकुस्ती खाशाबांना मिळाली, सुशीलला नाही. या दोन निर्णयांत विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. खाशाबांची तक्रार मोजमापाबद्दल होती: मी लढलो, पण गुण चुकीचे लावले. अशा वेळी पुन्हा मोजणं हाच उपाय. सुशील मुळात मोजमापाला आलाच नव्हता. दुखापत हा त्याचा दोष नाही, पण दुसऱ्याने मिळवलेली जागा त्या कारणाने पुन्हा पणाला लावायची, तर तसं लास वेगासच्या आधी लिहून ठेवायला हवं होतं. खाशाबांच्या बाबतीत न्याय झाला, मात्र तो एका महाराजांनी ऐकून घेतलं म्हणून झाला. प्रत्येक गोळेश्वरकराला पतियाळाची वाट सापडत नाही.

नियमाची तारीख

एवढ्या उदाहरणांनंतर असं दिसतं, की कोणावरही अन्याय न करणारी निवड पद्धत अस्तित्वात नाही. कोट्याला मान दिला तर आज बहरात असलेला बाहेर राहतो, चाचण्या घेतल्या तर जगज्जेता. विभाग पाडले तर बलवान जिल्ह्यातला कुढतो, न पाडले तर दुबळ्या जिल्ह्यात खेळच उरत नाही. संघटनेने कुठला अन्याय पत्करायचा ते ठरवायचं असतं, आणि ते निकालाआधी ठरवायचं असतं.

म्हणून निवडीवरून वादळ उठलं, की ‘चांगला खेळाडू कोण’ या चर्चेआधी चार गोष्टी तपासाव्यात. नियम स्पर्धेआधी लेखी जाहीर झाला होता का? मोजमाप किती वेळा केलं? पुरावा किती ताजा होता? आणि तक्रार ऐकायला ठरलेली जागा होती का? रुद्रांक्षच्या बाबतीत कोटा चाचण्यांतून पणाला लागणार हे ठरलेलं होतं आणि चार वेळा ताजं मोजमाप झालं. निकाल कडू, पण पद्धत उजवी. रिओआधी चाचणी होणार की नाही, हेच कुठे ठामपणे लिहिलेलं नव्हतं. म्हणून ज्या प्रश्नाचं उत्तर महासंघाच्या कागदावर असायला हवं होतं, ते न्यायाधीशांना शोधावं लागलं. हेच चार प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या, तालुक्याच्या आणि शाळेच्या संघनिवडीलाही लावता येतात. तिथे कोर्ट नसतं, महाराज नसतात, वर्तमानपत्रंही नसतात. निवडीचा कागद चाचणीच्या आठवडाभर आधी सूचनाफलकावर लागला, तर निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत. उरलेली निम्मी निदान खेळाबद्दल असतील.